‘योजनेत बसतं का?’ : डायलिसिस फुकट, गोळ्या विकत

प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. वडिलांना चौदा वर्षं मधुमेह आणि ब्लडप्रेशर. गोळ्या कायम मेडिकलमधून विकत आणल्या, हात आखडला की मध्येच बंद केल्या. गेल्या वर्षी किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही महात्मा फुले योजनेत, एक रुपया न भरता. ताई विचारतात, ‘किडन्या जाईपर्यंत सरकारनं एक गोळी दिली नाही, आणि गेल्यावर दरवर्षी लाखभर खर्चायला तयार. योजनेत काय घ्यायचं न् काय नाही हे ठरवतं कोण, आणि कशावरून?’

ताई, मी अठ्ठावीस वर्षं सरकारी नोकरी केली. सुरुवातीची ग्रामीण रुग्णालयात, पुढची योजनेच्या कामात. प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधी हॉस्पिटलनं मागितलेल्या मंजुऱ्या तपासायच्या, क्लेम नाकारायचे, पॅकेजच्या दरांवरच्या बैठकांना बसायचं. त्यामुळे तुमचा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलेला आहे. खरं उत्तर असं, की बराच काळ हे कोणी ‘ठरवलं’च नाही. यादी साचत गेली.

आपल्याकडे १९९७ साली जीवनदायी योजना आली ती हृदय, मेंदू, किडनी आणि कॅन्सर अशा मोठ्या आजारांसाठी. वडिलांच्या बायपाससाठी दोन एकर विकलेली घरं तेव्हा प्रत्येक गावात होती, त्यांच्यासाठी ती होती आणि त्यात काही चूक नव्हती. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्यभर गेली. त्यात ९७१ उपचार होते. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत येऊन जोडीला बसली. २०२३ च्या निर्णयानं पिवळं-केशरी-पांढरं हा रेशनकार्डाचा भेदही गेला, संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर आलं, उपचारांचा आकडा १,३५६ झाला, आणि तो वाढतोच आहे. प्रत्येक वेळी नवी यादी करताना समोर जुनी यादी असते. बैठकीत विचारतात, ‘यात आणखी काय घालायचं?’ ‘यातलं काय काढायचं?’ असं विचारलेलं मी माझ्या नोकरीत दोनदाच ऐकलं, दोन्ही वेळा विचारणारा अकाउंट्सचा माणूस होता आणि दोन्ही वेळा चहा आल्यावर विषय बदलला.

यादीत काय ‘बसतं’ हे पॅकेज नावाच्या गोष्टीवर ठरतं, म्हणजे एका उपचाराचे हॉस्पिटलला मिळणारे ठरावीक पैसे. पॅकेजला भरतीची तारीख लागते, सुट्टीची तारीख लागते, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट लागतो, पेशंटचा खाटेवरचा फोटो लागतो. म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेला आजार लागतो. अँजिओप्लास्टी यात चपखल बसते, डायलिसिसही बसतं, कारण प्रत्येक वेळ मोजता येते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीला सुट्टीची तारीख नसते. ती मरेपर्यंत घ्यायची असते, म्हणून तिचं पॅकेज होत नाही. ज्याचं बिल फाडता येतं ते आत, ज्याचं फाडता येत नाही ते बाहेर, इतकी साधी ही चाळण आहे. ती कोणी मुद्दाम लावली नाही, पण लागली.

मला यातलं जे कळलं ते एका पायावरून कळलं. पन्नाशीचा माणूस, हमाली करणारा, मधुमेहाचा, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम. दिवसाआड ड्रेसिंग, शुगर आटोक्यात आणणं आणि पायावर भार न टाकणं, एवढंच करायचं होतं. ड्रेसिंग ओपीडीत होतं, ओपीडी योजनेत नाही. आमच्याकडे ड्रेसिंग फुकट होतं, पण त्याला यायला एसटीनं जाऊन-येऊन साठ रुपये आणि दिवसाची मजुरी जायची. तीन वेळा आला, मग थांबला. सात आठवड्यांनी आणला तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा होता. आमच्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेच्या मदत-खिडकीवरच्या पोरानं, कार्ड पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये शोधलं आणि समाधानानं म्हणाला, ‘साहेब, बसतंय. गुडघ्याखालून अँप्युटेशन, पॅकेज आहे.’ पोराची काही चूक नव्हती, त्याचं कामच ते. पण ‘बसतंय’ हा शब्द त्यानंतर मला कधी नीट ऐकवला नाही.

आता तुमचं वाक्य थोडं दुरुस्त करतो, राग मानू नका. सरकारनं एक गोळी दिली नाही, असं कागदावर तरी नाही. मधुमेह-रक्तदाबाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हव्यात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत. म्हणजे गोळी ‘यादीत’ आहे. पण यादीत असणं वेगळं आणि कपाटात असणं वेगळं. मी होतो तिथे मार्च ते जून हे महिने ठरलेले असायचे: जुना साठा संपलेला, नव्या वर्षाची खरेदी अडकलेली, आणि फार्मासिस्ट पेशंटला चिठ्ठीवर बाहेरचं नाव लिहून देतोय. पंधरा दिवस गोळी मिळाली नाही की माणूस पुढच्या वेळी केंद्रावर येतच नाही, सरळ मेडिकलला जातो. तिथून परवडेल तोवर घेतो. देशात लोक आजारपणावर खिशातून जो खर्च करतात त्यात औषधांचा वाटा मोठा आहे, तो असाच उभा राहतो.

आणि इथे खरी गाठ आहे. डायलिसिसचे पैसे योजना चालवणाऱ्या सरकारी सोसायटीच्या थैलीतून जातात, गोळ्यांचे आरोग्य खात्याच्या खरेदीतून. दोन वेगळ्या थैल्या, दोन वेगळी बजेटं, दोन वेगळे अधिकारी. खात्यानं गोळ्यांवर जास्त खर्च केला आणि दहा वर्षांनी डायलिसिसचे पेशंट कमी झाले, तर वाचलेले पैसे खात्याला परत मिळत नाहीत. आणि गोळ्या संपल्या तर सोसायटीच्या कुठल्याच तक्त्यात ते दिसत नाही. दोघंही आपापलं काम चोख करू शकतात आणि तरी तुमच्या वडिलांच्या किडन्या जाऊ शकतात.

थोडा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. डायलिसिसच्या एका वेळेचे दीड हजार धरा, आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ वेळा: १,५६,००० रुपये. मधुमेह-बीपीच्या जेनेरिक गोळ्या सरकारी घाऊक भावानं दिवसाला पाच रुपये धरा, वर्षाला १,८२५. एका पेशंटच्या वर्षभराच्या डायलिसिसच्या पैशात ८५ माणसांच्या वर्षभराच्या गोळ्या. लगेच टाळ्या वाजवू नका. त्या ८५ जणांपैकी बहुतेकांच्या किडन्या गोळ्या न घेताही गेल्या नसत्या. त्यामुळे ‘गोळ्या द्या, डायलिसिसचे पैसे वाचतील’ हे भाषणात बरं वाटतं, हिशेबात नेहमी टिकत नाही. टिकतं ते असं, की त्याच ८५ जणांत काहींचा लकवा टळतो, काहींचा हार्ट अटॅक टळतो, काहींची दृष्टी राहते. पैसे वाचोत न वाचोत, त्याच पैशात निरोगी वर्षं कितीतरी जास्त मिळतात. योजनेनं काय घ्यावं हे ठरवायला पहिली मोजपट्टी हीच: एका लाखात निरोगी आयुष्याची किती वर्षं?

पण नुसती हीच पट्टी लावली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं पाहिलं. १९८७ मध्ये तिथल्या विधिमंडळानं गरिबांच्या योजनेतून सुमारे तीस जणांच्या अवयव प्रत्यारोपणाचे पैसे बंद केले आणि ते दीड हजार गरोदर बायकांच्या तपासणीकडे वळवले. हिशेबानं बिनचूक. त्याच वर्षाच्या शेवटी ल्युकेमिया झालेला सात वर्षांचा मुलगा बोनमॅरो प्रत्यारोपण न मिळता गेला. तपासणी मिळालेल्या दीड हजार बायकांचा फोटो कुठल्या पेपरात येत नाही, मुलाचा आला. मग जॉन किट्झहाबर या आमदारानं, जो मूळचा इमर्जन्सीचा डॉक्टर होता, सगळे आजार-उपचार क्रमानं लावून पैसे पुरतील तिथे रेघ मारायची कल्पना मांडली. १९९० मध्ये पहिली यादी कॉम्प्युटरनं काढली, तर दातावर टोपी बसवणं हे अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर आलं. टोपी स्वस्त, फायदा थोडा पण पुष्कळांना, आणि सूत्राला तेवढंच कळत होतं. माणूस मरतोय हे सूत्राला वेगळं कळत नाही. यादी फेकून दिली, पुन्हा केली, लोकांच्या सभा घेतल्या, तज्ज्ञांनी हातानं ओळी वर-खाली केल्या. १९९४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ६९६ ओळी होत्या, रेघ ५६५ च्या खाली. मला त्या यादीपेक्षा ती रेघ आवडते. आमच्याकडे रेघ नाही असं नाही. आमच्याकडे ती रिकाम्या कपाटात असते, म्हणून दिसत नाही.

डायलिसिसचाच प्रश्न थायलंडनं कसा सोडवला ते जास्त जवळचं आहे. २००१-०२ मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी आरोग्यसेवा सुरू केली, दवाखान्यात गेलं की ३० बाट भरायचे. सुरुवातीला माणशी वर्षाला साधारण १,२०० बाट एवढंच बजेट. ओपीडी, भरती, लसीकरण, तपासण्या सगळं एका कार्यालयाच्या एकाच थैलीत. त्या पैशात डायलिसिस बसत नव्हतं, म्हणून स्पष्ट सांगून बाहेर ठेवलं. कपाट रिकामं ठेवून नव्हे, नियमात लिहून. पुढे किडनीच्या पेशंटांनी आंदोलन केलं, घरं विकली जातायत हे दाखवलं. अर्थतज्ज्ञांनी पुन्हा हिशेब केला आणि सांगितलं की डायलिसिस आमच्या मर्यादेच्या खूप वर आहे, या पट्टीनं घेता येणार नाही. तरीही २००८ पासून सरकारनं ते घेतलं. का? कारण एका निरोगी वर्षाची किंमत ही एक गोष्ट, आणि आजारानं घर बसणं ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, एकीनं दुसरी खोडता येत नाही.

मात्र घेताना त्यांनी अट घातली: आधी पोटातलं डायलिसिस. घरी पिशव्या पोचवायच्या, माणसानं स्वतः द्रव बदलायचा, नर्सनं शिकवायचं. खेड्यातल्या माणसाला आठवड्यातून तीनदा शहरात मशीनवर जावं लागू नये म्हणून. २०२२ मध्ये ही अट सैल करून पेशंटला निवड दिली, तर मशीनवर जाणाऱ्यांची रांग लागली आणि खर्च वाढला. निवड देणं वाईट नव्हतं, पण प्रत्येक अटीमागे काही विचार असतो, तो अट काढल्यावरच दिसतो. आपल्या योजनेत मशीनचं डायलिसिस आहे, पण ४० किलोमीटरवरून येणाऱ्या माणसाचं भाडं नाही. आठवड्याला दोनच्या जागी एकदाच येणारे, मग न येणारे पेशंट मी मोजलेत. कागदावर ते ‘लाभार्थी’च राहतात.

थायलंडची आणखी एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. यादीत काय घालायचं हे सुचवण्याचा हक्क तिथे फक्त खात्याकडे नाही. डॉक्टर, संशोधक, पेशंटांचे गट, सामाजिक संस्था, सामान्य नागरिक आणि कंपन्यासुद्धा विषय देतात. मग किती लोकांना हा आजार आहे, किती गंभीर, उपचार खरंच लागू पडतो का, घरावर किती बोजा पडतो, गरिबांना आणि दुर्मीळ आजारवाल्यांना न्याय होतो का, हे पाहून विषय निवडतात आणि उपचारांचं मूल्यांकन करणाऱ्या हिटॅपसारख्या संस्था अभ्यास करतात. ब्रिटनमध्ये हेच काम नाइस ही संस्था १९९९ पासून करते. तिनं एका निरोगी वर्षामागे २० ते ३० हजार पौंडांची पट्टी वर्षानुवर्षं उघडपणे वापरली, तिच्यावर शिव्याही उघडपणे खाल्ल्या. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली असं मूल्यांकन करणारी यंत्रणा आहे, मुंबईतली एक संशोधन संस्थाही तिच्यासाठी काम करते. मोतीबिंदूची भिंगं, सिरिंज, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी अशा विषयांवर तिनं चांगले अभ्यास केलेत. पण अभ्यास झाला म्हणून यादी बदललीच पाहिजे असं कोणावर बंधन नाही. बैठकीत तो अहवाल टेबलावर असतो, बहुधा पाण्याच्या बाटलीखाली.

पॅकेजमुळे काही ऑपरेशनं गरज नसताना वाढतातही, हे प्रश्नात नव्हतं पण सांगतो. गर्भाशय काढणं हे ऑपरेशन विम्याच्या यादीत गेलं की काय होतं हे आंध्रनं त्यांच्या आरोग्यश्री योजनेत आणि छत्तीसगडनं २०१२ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विम्यात पाहिलं. तिशीतल्या बायकांची गर्भाशयं निघाली. (बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण वेगळं. २०१९ च्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं, पण त्यात पुष्कळजणींनी उचल घेऊन, पदरचे पैसे भरून ते केलं होतं. त्याचा दोष योजनेवर टाकता येत नाही.) माझ्या टेबलावर एकदा एकाच खासगी हॉस्पिटलच्या तीन फायली आल्या. तीन बायका, तीन गावं, आणि सोनोग्राफीचं चित्र एकच. कोपऱ्यातली तारीखसुद्धा. मी तिन्ही नाकारल्या. पुढच्या आठवड्यात चौथी आली, चित्र नवीन होतं. तेव्हापासून मी म्हणतो, एखादी सेवा यादीत घ्यायची म्हणजे तिचं नाव लिहून भागत नाही. कोणी करायची, कुठल्या दवाखान्यात, काय आधी करून पाहिल्यावर, हे सगळं त्या ओळीचाच भाग आहे. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवतात ती उगाच नाही.

‘कोणी करायची’ यावरून दोन मराठी उदाहरणं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही त्याच द्यायच्या. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. २०११ पासून आशाताई बाळाच्या घरी जातात तो देशभरचा कार्यक्रम त्यातूनच आला. ज्या सेवेला एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, पॅकेज लागलं असतं तिचा मोठा भाग घराच्या ओसरीवर झाला. दुसरं महाडचं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून दाखवली. त्याआधी कोकणात लाल विंचू चावून भरती झालेल्यांतले पुष्कळ दगावायचे. ती गोळी काही रुपयांची, पण रात्री दोन वाजता प्राथमिक केंद्रात हवी. कुठल्याही पॅकेजच्या यादीत ही दोन्ही कामं वरच्या शंभरात आली नसती. माझ्या यादीत पहिल्या पानावर असती.

दुसऱ्या टोकाला सोळा कोटींचं इंजेक्शन. २०२१ मध्ये स्नायूंच्या दुर्मीळ आजाराच्या बाळांसाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी झाली, आयातकर माफ झाला, तुम्हालाही मोबाइलवर मेसेज आला असेल. सरकारी धोरणात दुर्मीळ आजाराच्या पेशंटला ५० लाखांपर्यंत मदत आहे, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. सोळा कोटी आणि पन्नास लाख यातलं अंतर कोणी भरायचं? मला विचाराल तर, आजच्या किमतीला सरकारनं नाही. हे मी त्या आईसमोर बसूनही म्हणालो असतो का? म्हणालो असतो, पण तिला कारण सांगितलं असतं, लेखी दिलं असतं, आणि कंपनीशी भावाची घासाघीस कुठवर आली तेही सांगितलं असतं. आज तिला ‘योजनेत बसत नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. नकाराहून तो शब्द जास्त लागतो.

माझ्या हाती असतं तर मी एवढंच केलं असतं: दोन थैल्यांची एक केली असती, निदान जिल्ह्यापुरती. गोळ्यांचा साठा, ड्रेसिंग, प्रवासभाडं, डायलिसिस, अँप्युटेशन सगळं एकाच बजेटात आणि एकाच अधिकाऱ्याच्या नावावर. मग त्यालाच दिसलं असतं की मार्चमध्ये मेटफॉर्मिन संपलं आणि नोव्हेंबरात पाय कापले गेले. यादी आपोआप सुधारली असती असं नाही, पण ठरवणाऱ्याला झोप तरी कमी लागली असती.

आता तुमच्या घरचं. वडिलांचं डायलिसिस चुकवू नका, हातातला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी, जपा, त्या हाताला बीपी मोजू देऊ नका आणि सुई टोचू देऊ नका. गोळ्यांसाठी तुमच्या प्राथमिक केंद्रात जाऊन, डायलिसिसच्या डॉक्टरांनी वडिलांना आता लिहून दिलेल्या गोळ्यांचा साठा आहे का ते फार्मासिस्टला विचारा. नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला स्थानिक खरेदी करता येते, सरपंच किंवा झेडपी सदस्य तिच्यात असतो, त्याला गाठा. तोंडी तक्रारीला आमच्याकडे तारीख नसते, अर्जाला असते. आणि तुम्ही लिहिलंय की भावाला चाळिशीतच शुगर निघाली. त्याला सोबत न्या. शुगर-बीपी तर कराच, पण किडनी कशी आहे ते कळायला लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिनही करून घ्या. तुमच्या वडिलांचं हे कधी केलं होतं, ते जुन्या कागदांत एकदा बघून मला कळवा.